अंगठ्याच्या मापाचे जाळे

मित्रांनो, काकडीच्या मांडवावर पसरलेले हे विटके, जुने जाळे म्हणजे मी. माझ्या अंगभर डोळे आहेत आणि एकही मिटत नाही. म्हणून मी उघड्या डोळ्यांनीच पाण्याची स्वप्ने पाहते.

नदी समुद्राला मिळते तिथे सासूबाईंचे घर. त्यांनीच मला विणले. माझा एकेक डोळा त्या आपल्या जाडजूड अंगठ्याभोवती दोरा घेऊन मापत. सूनबाई हसून म्हणे, "आई, एवढी भोकं ठेवलीत तर कोळंबी टाटा करून जाईल की!"

"लहान असेल ती जाऊ दे गं. समुद्रात जन्मलेली पिल्लं भरतीबरोबर आत येतात, आजोळी आल्यासारखी. इथं खाऊनपिऊन मोठी झाली, परत निघाली, की मग आपली."

ओहोटीला मी दोन खांबांमध्ये उभे राही. टपोरी कोळंबी माझ्या पोटात राही आणि काचेसारखी पिल्ले गुदगुल्या करत आरपार निसटत. देवाने मला दिलेले ते सर्वांत मोठे सुख.

सासूबाई गेल्या. मीही विरले. सूनबाईने नवे जाळे विणले, त्याच रीतीने, अंगठ्यावर. पहिल्याच ओहोटीला ते गच्च भरले. "वहिनी, हाताला गुण आहे हं तुमच्या!" म्हणत साऱ्या शेजाऱ्यांनी तिच्याकडूनच जाळी विणून घेतली. मी मांडवावर आले. खोटे कशाला बोलू, मला हेवा वाटला.

पुढे मात्र टोपल्यांत नुसते शेवाळ येऊ लागले. एके सकाळी सूनबाईचा नवरा म्हणाला, "होडीला गिऱ्हाईक आलंय. देऊन टाकतो. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढीन."

ती काकड्या तोडायला आली. तोडताना तिचा अंगठा माझ्या एका डोळ्यात गेला आणि सैल फिरला. ती थबकली. धावत जाऊन तिने नवे जाळे आणले. त्यात तोच अंगठा घट्ट अडकला.

"अगं बाई! आईंचा अंगठा केवढा, आणि माझा हा काडीसारखा! अहो, होडी देऊ नका. आजोळी आलेली पोरंच आपण उचलून नेली."

"मग आता काय, सगळ्यांची जाळी उसवत बसणार?"

"विणली मीच ना? उसवीनही मीच."

नवरा कुरकुरला, पण गिऱ्हाइकाला नाही सांगून आला. तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली, माझ्या डोळ्यात तो नीट बसेपर्यंत. मग घरोघरची जाळी त्या मापाने पुन्हा विणली गेली.

टोपल्या अजून भरलेल्या नाहीत. मित्रांनो, जुने काही अडगळीत टाकाल, तेव्हा त्याचे माप तेवढे विचारून घ्या. आणि लहानांना वाट ठेवा.

काल सूनबाईने मला धुवायला भरतीच्या पाण्यात सोडले. मी डोळे उघडे ठेवून तरंगत होते. इतक्यात कुणीतरी इवलेसे, काचेसारखे, गुदगुली करून माझ्यातून आत गेले.