पाठमोऱ्या नायिकेचा टोप

मी एक केसांचा टोप आहे. काळाभोर, कमरेपर्यंत रुळणारा. बोलता बोलता दचकलो तर समजून घ्या. माझं बरंचसं आयुष्य हवेत गेलं आहे.

एका कारखान्यात बायकांनी बारीक जाळीवर माझा एकेक केस गाठ मारून बसवला. वाटलं होतं, एखाद्या नटीच्या डोक्यावर मिरवेन. पण नटीचे स्वतःचे केस छानच होते. मी गेलो तिच्याऐवजी उड्या मारणाऱ्या माणसाकडे. त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याला भरघोस मिशी होती आणि ती काढायला तो तयार नव्हता.

"पाठ कॅमेऱ्याकडे ठेवली की झालं," तो म्हणे. "मागून सगळ्या नायिका सारख्याच."

आणि खरंच खपून जायचं. नायिका गच्चीच्या कडेला किंचाळायची, मग कट, मग पैलवान आणि मी खाली. प्रेक्षक शिट्ट्या मारत. एकदा वाऱ्याने मी सरकलो. मला धरायला त्याने हात वर नेला आणि तो खांद्यावर आदळला. तेव्हापासून तो हात पुरता वर जात नाही.

पुढे प्रेक्षक बदलले. चित्रपट मोबाईलवर थांबवून थांबवून बघू लागले. एका उडीत वळताना मिशी दिसली आणि ते चित्र घरोघरी फिरलं. लोक पोट धरधरून हसले.

दिग्दर्शकांनी त्याचा धसकाच घेतला. आता कट नको, सगळी मारामारी एका दमात हवी, कॅमेरा समोरून हवा. चेहरा नंतर संगणकावर नायिकेचा बसवू, पण चाल, खांदे, पडणं बाईचंच दिसलं पाहिजे. हे काम मिळालं पैलवानाच्या मुलीला. केस बारीक कापलेली, बापासारखीच हट्टी.

उडीच्या दिवशी पैलवान मिशी सफाचट करून आला. मी ओळखलंच नाही.

"उडी मी मारतो," तो म्हणाला.

मुलगी बघतच राहिली. "बाबा, आईने घरात घेतलं का तुम्हाला?"

"चेष्टा नको. कॅमेऱ्यात दिसतात म्हणून खालच्या गाद्या पातळ ठेवल्यात त्यांनी."

"मी बघितल्यात. पण तुम्ही चाललात की अजून पैलवानच दिसता."

मग तिला स्टुलावर बसवून त्यानेच मला तिच्या डोक्यावर चढवलं. एकेक पिन त्यानेच लावली.

"हा निघाला तर निघू दे," तो म्हणाला. "हात वर न्यायचा नाही. मान सांभाळ."

"सगळा शॉट वाया जाईल."

"जाऊ दे."

ती धावली, लढली, कठड्यावरून सुटली. मधेच वारा आला आणि मी निघालो. तिने हात वर नेला नाही. हनुवटी छातीशी घेऊन ती गादीवर लोळली आणि उठून उभी राहिली. मी बऱ्याच वेळाने पोचलो. पैलवान तेव्हा कुठे खाली बसला.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. मग ते दृश्य पुन्हा पाहिलं, आणखी एकदा पाहिलं. "राहू दे," म्हणाला. "खरं वाटतंय." नायिका वेश पालटून आली होती, अशी गोष्टच फिरवली. पुढच्या प्रसंगांसाठी नटीने केस कापले. माझं काम संपलं.

आता मी पैलवानाच्या कपाटात, खोक्यात असतो. त्याची मिशी परत आली आहे. माझं मागणं एवढंच : थांबवून बघताच आहात, तर ती उडीही थांबवून बघा. चेहरा नटीचा आहे. वर कोपऱ्यात काळं काहीतरी उडतंय, तो मी. आणि मला धरायला वर न गेलेले ते दोन हात पैलवानाच्या मुलीचे आहेत.