सह्या गेलेली नोंदवही

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. माझ्याकडे बघून तुम्हाला ते पटायचं नाही. पानं कशी कोरी करकरीत, अक्षर कसं मोत्याच्या दाण्यासारखं! पण त्या पानांचं कौतुक करू नका. त्यांनीच घात केला.

माझा जन्म सैन्याच्या छापखान्यातला. जाड खाकी पुठ्ठा आणि पानोपानी चार रकाने: तारीख, काय शिकलात, किती तास, शिकवणाऱ्याची सही. सैन्याच्या दवाखान्यात जखमींची शुश्रूषा शिकायला आलेल्या एका जवानाच्या हाती मला दिलं. जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी रक्त बघून घेरी येऊन पडला. त्याचे उस्ताद भारी तिखट. "ऊठ. जखमी माणूस तुझ्यासाठी थांबत नसतो," म्हणाले आणि तासांच्या रकान्यात "अर्धा" लिहून त्यांनी सही ठोकली.

पुढे मात्र तो असा तयार झाला, की हलत्या गाडीतही सुईच्या एका टोचण्यात त्याला शीर सापडायची. त्याच्याबरोबर मीही बरबटले. आयोडीन, चहा, एका पानावर तर कुणाच्या तरी रक्ताचा अंगठा. जिथे डाग जास्त, तिथे तो जास्त शिकलेला, हे माझं साधं गणित. एकदा उस्तादांनी शेरा लिहिला, "याच्या हाती मी माझा जीवही देईन." त्यांच्याकडून असं काही येणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. मी किती फुशारले म्हणून सांगू!

पंधरा वर्षांनी तो निवृत्त झाला आणि मी ट्रंकेत, लोकरी मोज्यांखाली गेले. त्याला एका इस्पितळात नोकरी लागली, पण स्ट्रेचर ढकलण्याची. पदवी नव्हती ना. नवशिके त्याच्यादेखत शीर शोधायला चार-चार ठिकाणी टोचायचे, रुग्ण कळवळायचा आणि हा हात मागे बांधून उभा राहायचा. घरी आला की जेवण जायचं नाही त्याला.

एक दिवस त्याची बायको नर्सिंग कॉलेजच्या फाटकावरची सूचना वाचून आली. सैन्यात घेतलेल्या प्रशिक्षणाचे तास दाखवले तर कॉलेज त्याची क्रेडिट देणार होतं. म्हणजे चारऐवजी दोन वर्षांत पदवी.

"अहो, ती वही काढा आणि उद्याच देऊन या," ती म्हणाली.

"ही अशी? तपासणीला अशी वही नेली असती, तर उस्तादांनी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या."

"कॉलेजात कोण फेऱ्या मारायला लावतंय?"

पण सवयीला औषध नाही. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून त्याने डागाळलेलं एकेक पान ब्लेडने कापलं, मजकूर नव्या पानावर उतरवला आणि ते पान मला शिवलं. खोटी सही करणाऱ्यांतला तो नव्हे. सहीच्या रकान्यात त्याने उस्तादांचं नुसतं नाव लिहिलं. कापलेली पानं शेगडीत गेली. मी ओरडले असते हो, पण वहीला तोंड कुठलं? दोन महिने हे चाललं होतं.

कॉलेजातल्या प्रवेशाच्या बाईंनी मला उलटंपालटं केलं. "हे सगळं तुमच्याच अक्षरात आहे. हा शेरासुद्धा. मूळ सह्या कुठे आहेत?"

"पानं मळली होती, बाई. स्वच्छ करून आणली."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शोधलं. उस्तादांच्या सह्या फक्त अकरा पानांवर उरल्या होत्या. हात धुणं, चादरी बदलणं, खोलीची स्वच्छता. तिथे रुग्णच नव्हता, मग डाग कुठून पडणार?

"एवढंच धरता येईल," बाई म्हणाल्या. "नाहीतर तुमच्या उस्तादांकडून दोन ओळींचं पत्र आणा. तेही चालतं."

त्याने तिथूनच फोन लावला. उस्तादांच्या मुलीने घेतला. बाबा जाऊन महिना झाला, म्हणाली.

मग त्याने विचारलं, "त्यांना लिहिता यायचं का, ताई? शेवटी शेवटी?"

"हो तर. आदल्या आठवड्यापर्यंत पेपरातल्या चुका काढून संपादकाला पत्रं पाठवायचे."

महिन्यापूर्वी आम्ही काय करत होतो, ते मला पक्कं आठवतंय. उस्तादांच्या शेऱ्याचं पान तो तिसऱ्यांदा लिहून काढत होता, कारण समासाची रेघ वाकडी आली होती.

आता तो पहिल्या वर्षाच्या वर्गात बसतो. तिथे नाडी कशी मोजायची ते शिकवतात. मला तो उघडत नाही, आणि मला त्याचा रागही येत नाही. जीव तुटतो फक्त.

मित्रांनो, वह्या स्वच्छ ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच सांगते, ज्या पानावर कुणी तुमच्यासाठी सही केली असेल, ते कितीही मळो, फाडू नका. आणि सही करणारा माणूस अजून असेल, तर आज त्याला फोन करा. रेघा उद्या मारल्या तरी चालतील.