झोपडीकडे चालणारा माणूस

जिन्यातच चपलांचा खच पडला होता. त्यातून वाट काढत रिमोटवाली वर आली, तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, हे लवकर आटपावं आणि घरी जाऊन पाय पसरावेत. सकाळपासून दुकानात दुरुस्तीला आलेले अकरा रिमोट उघडले होते. त्यातल्या सातांत बिघाड नव्हताच, सेल उलटे घातले होते. माणसं आधी यंत्राला शिव्या देतात, मग नशिबाला, आणि सेल बघायचं कुणाच्या मनातही येत नाही.

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारीपाजारी सोफ्याच्या हातांवरसुद्धा बसले होते. समोर टीव्हीवर एक जुना गेम लागला होता. मध्यभागी पाठीवर पिशवी घेतलेला चिमुकला माणूस, डाव्या बाजूला झोपडी, उजव्या बाजूला पूल. कंट्रोलर स्टुलावर एकटा पडला होता, त्याला कुणाचाही हात नव्हता. आणि तरी तो चिमुकला माणूस पावलं टाकत झोपडीकडे निघाला.

"चालला! अगं बाई, चालला!"

"आला माझा लेक," पुढच्या खुर्चीतल्या आईंनी पदर डोळ्यांना लावला.

लेक जाऊन आठ महिने झाले होते. हा सगळा संच त्यानेच जमवलेला. तळहाताएवढा संगणक, त्यावर जुने गेम चालवणारा एम्युलेटर, आणि त्याला जोडलेला त्याच्या लहानपणचा कंट्रोलर. त्या कंट्रोलरची वायर रिमोटवालीनेच जुळवून दिली होती. तो दुकानात यायचा आणि तासन्‌तास डोकं खायचा. तो गेल्यापासून दुकानातलं ते स्टूल तिने कुणाला दिलं नव्हतं.

"आत्म्याला हाड नाही, मांस नाही," टीव्हीशेजारी उभे असलेले तरंगबाबा म्हणाले, "पण सवय असते! शरीर गेलं, अंगठ्यातले तरंग राहिले. तरंगाला वायर सापडली की तो बोलतो." तरंगाला वायर लागते आणि वायर लावायला बाबाच लागतात, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

प्रश्न साधा होता. सुनेला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि चार दिवसांत मुलीला घेऊन निघायचं होतं. पूल म्हणजे जा, झोपडी म्हणजे घर सोडू नको, असं बाबांनी ठरवून दिलं होतं. आजची ही तिसरी बैठक, आणि तिसऱ्यांदा झोपडी. सून गेली असती तर संच तिच्याबरोबर गेला असता आणि बाबांची बैठकही संपली असती.

सुनेनेच दुपारी फोन केला होता. "ताई, कंट्रोलर बिघडलाय, की ते खरंच नको म्हणतायत? तेवढंच सांगा. नोकरी नको असं पत्र लिहून ठेवलंय मी. आज पाठवणार आहे."

"मी जरा तपासू का?" रिमोटवालीने विचारलं.

"तपासा की!" बाबांनी दोन्ही हात पसरले. "विज्ञानाने हात टेकले की आमचं काम सुरू होतं."

लोक हसले. ती खाली मांडी घालून बसली. तिचा अंदाज होता, अंगठ्याने फिरवायची दांडी झिजून सैल पडली असेल. असे कंट्रोलर तिने शंभर तरी पाहिले होते. तिने स्क्रू काढले, दांडी हलवून पाहिली. नव्यासारखी घट्ट. सेटिंग पाहिलं, तेही ठीक. वायर दुसऱ्या खाचेत लावली. चिमुकला माणूस जागच्या जागी उभा राहिला.

"बघा! तिच्या हाती येत नाही तो," बाबा म्हणाले. "शंकेला आत्मा बुजतो. आणा इकडे, वाट शुद्ध करू."

त्यांनी वायर उपसली, कंट्रोलरवर रेशमी रुमाल टाकला, काहीतरी पुटपुटत वायर परत लावली, कंट्रोलर स्टुलावर ठेवला आणि रुमाल काढला. माणूस झोपडीकडे निघाला.

तिला वाटलं, मरू दे, जावं घरी. आपल्याला काय पडलंय? पण रुमालाखाली तिने एक उंचवटा पाहिला होता, अंगठ्याएवढा. वायर लागेपर्यंत तो होता, मग बसला. आणि तिला त्या पोराचं जुनं भांडण आठवलं. 'ताई, हा वेडा झालाय, आपला आपण चालतो!' दोन तास डोकं फोडल्यावर तिनेच ओरडून सांगितलं होतं, 'अरे बाबा, वायर लावताना अंगठा लावायचा नाही!'

"आई, इकडे या," ती म्हणाली. "आता वायर तुम्ही लावायची. दांडीला हात लावू नका."

आईंनी वायर लावली. माणूस उभाच.

"आता काढा. दांडी डावीकडे दाबून धरा, तशीच धरून वायर लावा, आणि मग सोडा."

दांडी सुटली आणि माणूस तुरुतुरु पुलाकडे निघाला.

"वजनकाट्यावर पातेलं ठेवून काटा चालू केला, तर तो त्यालाच शून्य धरतो," रिमोटवाली म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "मग पातेलं उचललं की वजा दाखवतो. हाही तसाच. वायर लागते त्या क्षणी दांडी जिथे असेल तो मधला भाग, असं तो समजतो. उजवीकडे दाबून लावली की सोडल्यावर डावीकडे पळतो. बाबा, रुमाल न टाकता दाखवता का एकदा?"

"अपवित्र जागा!" बाबा रुमाल खिशात कोंबत दाराकडे सरकले.

"बाबा, तरंग राहिले!" मागून कुणीतरी ओरडलं. पण एवढ्या चपलांतून त्यांना स्वतःची जोडी बरोबर सापडली.

लोक पांगले. आई अजून कंट्रोलर धरून बसल्या होत्या. "म्हणजे तो आला नव्हता? एकदाही?"

आला होता म्हणणं सोपं होतं. "नाही, आई. एकदाही नाही."

आईंचा बांध फुटला. "मलाच नको होतं गं तिने जायला. एकटीची भीती वाटते मला. बाबांना मी पहिल्याच दिवशी सांगून बसले होते."

"तेच त्यांनी तुम्हाला परत ऐकवलं, त्याच्या नावाने." रिमोटवालीने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. "कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचे हात उघडे ठेवायला सांगा. आणि विचारायचंच असेल तर जित्या माणसाला विचारा. तो दुखेल असं बोलेल, पण स्वतःचं बोलेल."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात ते पत्र होतं. "आई," ती म्हणाली, "मी जाऊ?"

आईंनी वायर काढली आणि कंट्रोलरभोवती नीट गुंडाळली.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि हे घेऊन जा. पोरीला खेळू दे. वायर लावताना अंगठा लावायचा नाही, एवढं तिला शिकव."