डी ड्राइव्हमधले धवले

मित्रांनो, माझं झाकण उघडलं की बिजागरी कुरकुरते आणि कीबोर्डवरची तीन अक्षरं झिजून दिसेनाशी झाली आहेत. मी लॅपटॉप आहे, आमच्या जातीच्या मानाने म्हातारा. ठाकुर्लीजवळच्या एका जुन्या आगरी घरात मी राहतो. माझ्या आयुष्यातली एक चूक मला तुम्हांला सांगायची आहे. ती माझी एकट्याची नाही, पण मी तिच्यात होतो.

शाळा ऑनलाइन भरत होत्या, त्या वर्षी भिवा पाटलांनी मला आपल्या मुलीसाठी आणलं. कृतिका तेव्हा सातवीत होती. सकाळी तिचा वर्ग चाले. दुपारी तिची शकू आत्या येऊन बसे. आत्या गावाची धवलारीण. लग्नाच्या विधींच्या वेळी म्हणायची लांबलचक जुनी गाणी, म्हणजे धवले, तिला तोंडपाठ होती. ती कुठेच लिहिलेली नव्हती. एका दुपारी कृतिकाने माझा माइक सुरू केला.

"आत्या, यात म्हण ना."

"या डब्यात?" आत्याने मला नीट न्याहाळलं. "हसनार नाय ना मना?"

मी कसा हसणार? दोन वर्षांत एकेचाळीस धवले माझ्यात जमा झाले. कृतिकाने ते डी ड्राइव्हमध्ये ठेवले. कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी सगळ्या मुलांना शिकवलं होतं, "कामाचं ते डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं. मशीन फॉरमॅट केलं तरी डी सेफ असतो." इकडे घराघरांत हे असंच मानतात. दुरुस्ती करणारे बहुतेक वेळा फक्त विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसतात, म्हणून ते खरंही ठरतं.

बारावीनंतर कृतिकाला कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला. बापलेक मला पिशवीत घालून कल्याणच्या दुकानात गेले.

"यातला सगल्यात भारी कोन्ता?" भिवांनी विचारलं.

"बाबा, भारी म्हणजे वजनाने का?" कृतिका म्हणाली. तिच्या वहीत तक्ता होता: मेमरी, वजन, बॅटरी किती तास. तिने प्रत्येक नवा लॅपटॉप तपासला आणि शेवटी माझ्यावर हात ठेवला. "मला प्रोग्रॅमिंग करायचंय. याची मेमरी वाढवू, बॅटरी बदलू आणि विंडोज काढून लिनक्स टाकू, ती सिस्टीम हलकी असते. पुरेल."

"लोक बोलतील, भिवाने पोरीला जुना डबा दिला."

"बोलू दे."

मित्रांनो, त्या दिवशी मी फुशारलो. जुन्या वस्तूची निवड होते तेव्हा तिला बाकी काही सुचत नाही.

कृतिकाने दोन प्रकारचे लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. कोणता किती सेकंदांत सुरू होतो, ते टिपून ठेवलं. फोटो आणि शाळेचे प्रकल्प दुसरीकडे उतरवले. ते सी ड्राइव्हमध्ये होते ना! डीला तिने हात लावला नाही. तो सेफ होता.

मग माझ्या पडद्यावर प्रश्न आला: पूर्ण डिस्क पुसायची का? तिने तो वाचला. सी म्हणजे डिस्क, अशी तिची समजूत. पण सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालनं. मी पुन्हा एकदा विचारलं, खात्री आहे का? मला एवढंच विचारता येतं. आत धवले आहेत, हे सांगायला मला शब्द नव्हते. तिने 'हो' दाबलं. काही मिनिटांत मी हलका झालो. कॉलेजात मुलं माझ्या वेगाचं कौतुक करू लागली.

त्या पावसाळ्यात आत्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं हळूहळू परतलं, गाणं परतलं नाही. दिवाळीनंतर कृतिकाच्या मोठ्या बहिणीचं, समृद्धीचं लग्न ठरलं. आत्या काठी टेकत आली.

"मना आता जमनार नाय गो. तुज्या डब्यातला लाव हळदीला."

कृतिकाने मला उघडलं. डी ड्राइव्ह नावाचं काही माझ्यात उरलंच नव्हतं. डोंबिवलीच्या दुरुस्तीवाल्याने दोन दिवस शोधलं. तो म्हणाला, "जुनी हार्ड डिस्क असती तर थोडंफार निघालं असतं. यात एसएसडी आहे. रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते."

कृतिकाने आत्याला सगळं सांगितलं. आत्याने माझं झाकण हळूच मिटलं. मग म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस? पर माज्याकरं पन नाय ते आता."

समृद्धीच्या हळदीला मोठ्या आवाजाची साउंड सिस्टीम आली. धवला झाला नाही.

तुम्ही कॉलेजसाठी लॅपटॉप निवडाल, वेग आणि वजन बघाल. जरूर बघा. पण नवं काही घालण्याआधी जुन्यात काय आहे, ते उघडून पाहा. ज्याची दुसरी प्रत जगात नाही, त्याची आधी करा. सेफ आहे असं दुसऱ्याने सांगितलं, एवढ्यावर थांबू नका.

आता रविवारी कृतिका आत्यासमोर मला ठेवते. आत्या आठवेल तसे, चालीशिवाय नुसते शब्द म्हणते. एकेचाळीसांपैकी सहा पूर्ण झाले आहेत. सातव्यात दोन ओळी आहेत, मग लांब शांतता आणि शेवटी आत्याचा आवाज, "पुढचा नाय येत गो."

कृतिकाने तेही पुसलेलं नाही. त्याच्या तीन प्रती आहेत.