कोरडी घोंगडी

मित्रांनो, कानिफनाथ नावाच्या एका गावकऱ्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीवर घडी करून ठेवलेली, विरलेली काळी घोंगडी म्हणजे मी. नेवाशाजवळच्या एका सनगराच्या मागावर माझा जन्म झाला. मेंढ्यांची लोकर, चिंचोक्याची खळ आणि म्हाताऱ्या विणकराचे आठ-दहा दिवस, एवढ्यातून मी घडले. राहीबाईंच्या नवऱ्याने मला बाजारातून आणले. पुढे तो वारला आणि मी राहीबाईंच्या अंगावर राहिले.

राहीबाई गावच्या छोट्या चर्चची झाडलोट करीत. घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या एका बायबलबाईने त्यांना श्वासाची प्रार्थना शिकवली होती. श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’. थंडीत मला लपेटून त्या चुलीपुढे बसत. पावसात माझी खोळ करून निंदायला जात. उन्हाळ्यात लिंबाखाली मला अंथरत. ऋतू कोणताही असो, त्या प्रार्थनेत खंड पडत नसे. बायका म्हणत, “राहीबाईचा श्वास बी परार्थना करतो.” ते ऐकून मलाच अभिमान वाटे.

बहात्तर साली पाऊस पडला नाही. विहिरीवर रांगा लागल्या. एकदा राहीबाईंची धाकटी जाऊ लंकाबाई हिने त्यांची घागर मागे सारून स्वतःची पुढे ठेवली. चारचौघींत शब्दाला शब्द वाढला आणि दोघींचे बोलणे तुटले.

नाताळाच्या आधी लंकाबाई तापाने फणफणली. तिचा नवरा कानिफनाथ सकाळीच राहीबाईंच्या दारात आला.

“वैनी, लंकीला लई हुडहुडी भरलीय. घोंगडी देता का?”

राहीबाई प्रार्थनेला बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

“वली हाय. काल धुतलीय.”

मी अंगणात दोरीवर होते, मित्रांनो, आणि पूर्ण कोरडी होते. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण घोंगडीला कुठे तोंड असते? राहीबाईंचे ओठ पुन्हा हलू लागले. कानिफनाथ थोडा वेळ उंबऱ्याशी थांबला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे राहीबाईंनी मला काखेत घेतले आणि त्या झपाझप निघाल्या. अर्ध्या वाटेवरच त्यांना लंकाबाईच्या घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला. त्या तिथेच धुळीत बसल्या.

त्यानंतरचा उन्हाळा त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडत काढला. सावलीत टेकल्या की श्वास घेताना ‘प्रभू येशू’ म्हणत. श्वास सोडताना मात्र ओठ घट्ट मिटून घेत. पुढचे शब्द त्यांच्या तोंडून निघतच नसत.

पुढच्या श्रावणात राहीबाईंचे छप्पर गळू लागले. कानिफनाथ न बोलावता आला आणि भिजत भिजत त्याने ते शाकारून दिले. तो खाली उतरला तेव्हा राहीबाई मला घेऊन उभ्या होत्या.

“भाऊजी, त्या दिशी घोंगडी वली नव्हती.”

“मला ठावं हाय, वैनी. जाताना हात लावून बघितला हुता.”

“मंग दोरीवरनं वढून का न्हाई नेली? मला बोलला का न्हाई?”

कानिफनाथाने तोंडावरचे पाणी पुसले.

“तुमची परार्थना चालली हुती. मला वाटलं, ती झाली की तुमीच घेऊन याल. वाट बघितली आमी दोघांनी.”

राहीबाईंनी मला त्याच्या खांद्यावर टाकले. त्याने नको म्हटले नाही, की ‘जाऊ द्या’ असेही म्हटले नाही. मला पांघरून तो पावसातून घरी गेला.

तेव्हापासून मी इथे आहे. राहीबाईंना ‘दया कर’ हे शब्द पुन्हा उच्चारता आले की नाही, मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि कोणी दारात ऊब मागायला आले, तर प्रार्थना अर्धी टाकून उठा. देव तेवढा वेळ थांबतो. आजारी माणसाला थांबता येत नाही.