भोपळ्यावरची पाच नावं

मी एक जुना तंबोरा आहे. मॉरिशसमधल्या सें पिएर गावात, उसाच्या मळ्यालगतच्या एका घरात राहतो. जन्म मात्र मिरजेचा. भोपळा वाळवून, कापून, त्याला लाकडाची लांब दांडी जोडून तिथल्या कारागिरांनी मला घडवलं. १९७२ साली चंद्रमोहन नावाचे मॉरिशसमधले मराठी सरकारी कारकून भारत पाहायला आले आणि बायकोसाठी मला बोटीने घेऊन गेले. त्यांची बायको कुसुमावती शनिवारी देवळात मुलांना मराठी शिकवायची आणि भजनं गायची.

मित्रांनो, पहिली दोन वर्षं माझी चैन होती. रोज संध्याकाळी कुसुमावती मला जवळ घ्यायची, खुंट्या पिळून सुरात आणायची आणि गायला बसायची. तिच्या बोटाला तारांचे घट्टे पडले. मला त्या घट्ट्यांचा अभिमान वाटे.

भारतातून येणाऱ्या कलावंतांना विमानातून तंबोरा आणणं अवघड जायचं. १९७४ साली मोका गावी एक सतारवादक आले, तेव्हा तंबोऱ्याची मागणी आली आणि चंद्रमोहन मला घेऊन गेले. मैफल संपल्यावर त्यांनी पाहुण्यांपुढे बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी धरली. पाहुण्यांनी हसून माझ्या तपकिरी भोपळ्यावर सही केली.

झालं! छंद आणि खरूज, खाजवावं तेवढं वाढतं. पाच वर्षांत माझ्यावर पाच नावं चढली: एक सतारिये, दोन गवई, एक बासरीवाले आणि एक सारंगीवाले. घरातल्या कपाटाच्या खणात तिकिटं, कार्यक्रमपत्रिका, वाळलेले हार आणि एका तबलजींचा पावडरीचा रिकामा डबासुद्धा जमला. लोक मला पाहायला येत. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी कुसुमावती गायला बसली आणि तिच्या लुगड्याच्या काठाने बासरीवाल्यांच्या सहीची शेपटी खरवडली गेली.

"पा तुसे!" चंद्रमोहन इथल्या क्रिओल बोलीत ओरडले. "हात नको लावू! नावं पुसतील."

"अवो, पन माझ्यासाठी आनला व्हता ना?"

"तुझाच हाय. पन आता त्याला केवढं मोल आलंय!"

मोल आलं आणि मी काचेच्या कपाटात गेलो. समोर पश्चिमेची खिडकी. रोज दुपारी ऊन माझ्यावर यायचं. तारा गंजल्या, भोपळा सुकत गेला आणि सारंगीवाल्यांच्या नावापासून थेट सतारियांच्या नावापर्यंत चीर पडली. देवळात कुसुमावती नुसत्या टाळांवर गात होती. मला तिची फार आठवण यायची.

१९८३ साली पुण्याच्या एक गायिका आल्या. त्यांच्या तंबोऱ्याची दांडी प्रवासात मोडली होती. चंद्रमोहन मला घेऊन हौसेने धावले. सहाव्या सहीसाठी ब्रश खिशात होताच. बाईंनी खुंटी पिळली. तार तटकन तुटली. दुसरी छेडली, तर माझ्यातून नुसती खरखर निघाली. नाव मोठं आणि लक्षण खोटं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोण वाजवतं हा?" बाईंनी विचारलं.

"कोनी नाय. जपून ठेवलाय."

चंद्रमोहननी पुढे केलेला ब्रश त्यांनी परत दिला. "मुक्या तंबोऱ्यावर मी नाव नाही हो लिहीत."

दुसऱ्या रविवारी चंद्रमोहन आणि कुसुमावती मला बसमधून रोझ बेलला घेऊन गेले. तिथले सुतार बाबूराव बाजाच्या पेट्याही दुरुस्त करत. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"आतून लावलेलं कायच धरनार नाय. वरून सगळ्याला कापडाची पट्टी चिकटवावी लागंल, मग लाख. नावं झाकनार. तसाच ठेवला तर दिसंल झकास, वाजनार मातर नाय."

चंद्रमोहननी एकेक नाव वाचलं, जणू हजेरीच घेत होते. मग बायकोकडे वळले. "तू काय म्हंतेस?"

"नावं तुमची हायत," कुसुमावती म्हणाली. "आवाज मातर माझा व्हता."

चंद्रमोहननी मला बाबूरावांपुढे सरकवलं. मग म्हणाले, "बाबूराव, मारा पट्टी."

कापड कुसुमावतीच्या जुन्या सुती लुगड्याचं होतं. सरस लावून पट्ट्या बसवल्या, त्यावर लाखेचे तीन हात दिले आणि नव्या तारा चढवल्या. पाचही नावं अंधारात गेली. त्यांना आतून मी अजून ओळखतो.

आता रोज संध्याकाळी मी पुन्हा वाजतो. आवाज थोडा जाडसर झालाय, पण सुरात आहे. मित्रांनो, तुम्ही घरात एखादी वस्तू जिवापाड जपत असाल, तर ती ज्याच्यासाठी आणली होती त्याला एकदा विचारा, तुझा हात हिला शेवटचा कधी लागला? धूळ पुसणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. आम्हाला वापरा. झिजलो तर झिजू.

परवा शेजारचे प्रेमचंद पाहुण्यांना घेऊन आले. भोपळा फिरवून फिरवून पाहू लागले. "सह्या कुठं गेल्या, चंद्रमोहन?"

"आत हायत."

"आमी तर बघायला आलो व्हतो!"

चंद्रमोहननी चटई अंथरली, पाहुण्यांना बसवलं आणि आतल्या खोलीकडे हाक मारली, "कुसुम, ये गो. तुझा तंबोरा लाव."