ध्रुव चौकीचा तिसरा भाग

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता, बदलापूर पश्चिमेला मांजर्लीतल्या एका घरात, मी एक टेप गिळली आणि परत दिली नाही.

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. मोबाईल येण्याआधी लोक टीव्हीवरचे कार्यक्रम माझ्याकडून टेपवर उतरवून घेत आणि हवे तेव्हा पाहत. माझ्या पोटात गेलेली ती टेप ‘ध्रुव चौकी’ या मालिकेच्या तिसऱ्या भागाची होती. अंतराळातल्या एका चौकीवर अडकलेल्या सहा माणसांची ही गोष्ट टीव्हीवर लागायची, तेव्हा तुमचे आईवडील शाळेत होते. आता तिची माहिती देणाऱ्या पानांवर लिहिलेलं असतं की तिसरा भाग कधी दाखवलाच गेला नाही.

हे खोटं आहे. तो मी स्वतः उतरवून घेतला आहे.

माझे मालक भगवंत. अंबरनाथच्या कारखान्यात ते फिटर होते. त्यांनी मला उल्हासनगरच्या बाजारातून आणलं, तेव्हा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये माझा मान मोठा होता. कोणाकडे सत्यनारायणाची पूजा असली की जागरणाला सिनेमे दाखवायला मलाच नेत. अशाच एका पूजेत मी टेबलावरून खाली पडलो. टेपला वाट दाखवणारी एक बारीक खुंटी माझ्या आत असते, ती वाकली. भगवंतांनी मला दुकानात नेलं नाही. फिटरच्या हाताने, नजरेच्या अंदाजाने, खुंटी स्वतःच बसवली.

ती थोडी वाकडी बसली. पुढच्या महिन्यात ‘ध्रुव चौकी’ सुरू झाली आणि तिचे सगळे भाग मी त्या वाकड्या खुंटीवरून उतरवले.

मग डिस्क आल्या, मोबाईल आले आणि मी बदलापूरच्या घरी माळ्यावर गेलो. एका पावसाळ्यात उल्हास नदी घरात शिरली. खालचा टीव्ही, फ्रिज, गाद्या गेल्या. मी आणि टेपा राहिलो. ज्यांना टाकून दिलं होतं तेच वाचले, याची नोंद घ्या.

यंदा भगवंतांच्या मुलीने, जिज्ञासाने, मालिकेचे सुरुवातीचे भाग पुन्हा पाहून त्यांची परीक्षणं लिहायला घेतली. आधी तिने टेपा एका चकचकीत दुकानात नेल्या. तिथल्या चांगल्या यंत्रावर नुसत्या मुंग्या दिसल्या. “टेपा मेल्या,” दुकानदार म्हणाला. तिने हट्टाने मला खाली काढलं, पुसलं आणि पहिली टेप घातली. चित्र लख्ख आलं.

तिने इंटरनेटवर लिहिलं: “पहिला भाग सपक आहे. चौकीचा प्रमुख बोलतो फार, करत काहीच नाही. दुसऱ्या भागात प्राणवायू कमी पडतो आणि सगळे कुजबुजायला लागतात. शेवटची दहा मिनिटं एकही शब्द नाही. हे ज्याला सुचलं त्याला मानलं.”

परीक्षणाखाली कोणीतरी टोमणा मारला, “चौकीच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, ते दिसले नाहीत का?”

“दिसले,” तिने उत्तर दिलं. “भीतीही दिसली.”

तिसऱ्या भागाला माझा रबरी पट्टा वितळला आणि टेप आत अडकली. भगवंत म्हणाले, “मी सांगतो ना काय झालं ते. लिहून टाक.”

“पप्पा, तुमच्या आठवणीवर परीक्षण नाही होत. पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“लोक तसंच म्हणणार. म्हणून तर पाहायचंय.”

म्हणून आज मंगळवारी मी उल्हासनगरला, जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कमलेशच्या टेबलावर उघडा पडलो आहे. टेप त्याने सोडवली. तिची एक कड चुरगळली आहे, आणि आवाज त्याच कडेवर उतरलेला असतो. मग त्याने बॅटरी मारून माझ्या आत पाहिलं.

“ही खुंटी कोणी छेडली? टेढी आहे. पट्टा टाकतो आणि हिला पण सीधी करतो, साईं. एकदम कंपनीसारखी.”

“टेढी नाय ती,” भगवंत म्हणाले. “मी बसवलीय. कारखान्यात मी बनवलेला एकही जॉब कधी परत आला नाय.”

“मग सीधी केली तर काय फरक पडतो?”

“काहीच नाय. कर.”

“थांबा,” जिज्ञासा म्हणाली. “पप्पा, दुकानातल्या मशीनवर मुंग्या का आल्या?”

“ते मशीन भंगार असेल.”

“त्याच्यावर लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी छान चालत होत्या. खुंटी वाकडी असताना रेकॉर्ड झालंय, ते वाकड्या खुंटीवरच दिसणार. सरळ केलीत तर तिसरा भाग गेला.”

कमलेश हसला. “अंकल, दोनमधलं एक सांगा. खुंटी सीधी, नाहीतर टेपमध्ये पिक्चर. दोन्ही नाही मिळणार.”

कमलेशने स्क्रू ड्रायव्हर खुंटीच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू अशा वेळी गयावया करतात, आम्हाला जपा म्हणतात. मी म्हणणार नाही. मला सरळ करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. जगातली सगळी सरळ यंत्रं मिळून या टेपेतलं एक चित्र दाखवू शकत नाहीत, मी दाखवतो. माझ्या ज्या वाकडेपणाला तुम्ही बिघाड म्हणता, त्यातच तुमचा तिसरा भाग जिवंत आहे. एखादी जुनी गोष्ट नीट करायला जाल, तेव्हा ती काय सांभाळून बसली आहे ते आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

“पट्टा टाक,” भगवंत म्हणाले. “खुंटीला हात लावू नको.”

“म्हणजे टेढी आहे ना?”

“पट्टा टाक म्हटलं ना.”

जिज्ञासाने वडिलांसाठी स्टूल पुढे ओढलं आणि ते बसले.

पट्टा बसला आहे. खुंटी होती तशीच आहे. टेप माझ्या पोटात आहे आणि कमलेशने बटण दाबलं आहे. पडद्यावर चौकी दिसते आहे, भिंतीवरचे ट्रे दिसताहेत, आणि इंजिनियर बाई प्रमुखाकडे वळून काहीतरी सांगते आहे. चित्र आलं आहे. आवाज अजून आलेला नाही.